फिनलंड-एस्टोनिया तुलनेबद्दल थोडी भर

वर कोणीतरी म्हटलंय की एस्टोनिया मागे राहिला कारण तिथली लोकं फिनलंडसारखी कष्टाळू नाहीत, हे अजिबात पटलं नाही. अहो, दुसऱ्या महायुद्धाआधी दोघांचं राहणीमान जवळपास सारखंच होतं, भाषाही बहिणी-बहिणी, मधे फक्त ८० किमी समुद्र. फरक पडला तो १९४० नंतर, एस्टोनिया सोव्हिएत संघात गेला आणि फिनलंड स्वतंत्र राहिला. टॅलिनमधली (एस्टोनियाची राजधानी) माणसं अँटेना फिरवून फिनिश टीव्ही बघायची, जाहिरातीत मटणाने भरलेली दुकानं दिसायची आणि खाली रस्त्यावर रांग लागलेली, विचार करा काय वाटत असेल! सोव्हिएत संघातून सुटल्यावर एस्टोनियाने १९९२ ला स्वतःचं चलन आणलं, नंतर शाळाशाळांत कॉम्प्युटर दिले आणि २०२२ च्या पिसा चाचणीत (१५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) गणितात फिनलंडच्याही पुढे गेले. पगार, पेन्शनमधे मात्र अजून फिनलंडच बराच वर आहे.