‘व्हॅलिडेटर’ची सुरक्षा-सूचना ‘ऑडिट फिक्स’नेही जात नाही

प्रश्न

आमच्या एका नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) प्रकल्पात नोंदणी-अर्ज तपासण्यासाठी ‘एक्सप्रेस-व्हॅलिडेटर’ची ७.२.१ ही आवृत्ती वापरली आहे. नोडची पॅकेजे बसवणाऱ्या एनपीएमची सुरक्षा-तपासणी, म्हणजे ‘एनपीएम ऑडिट’, चालवली की ‘व्हॅलिडेटर’ या पॅकेजविषयी सीव्हीई-२०२५-५६२०० (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक) ही सूचना येते आणि दुरुस्तीसाठीचे ‘ऑडिट फिक्स’ दोनदा चालवूनही ती तशीच राहते. लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या आमच्या पॅकेज-जेसन फाइलमध्ये तर ‘व्हॅलिडेटर’चे नावही नाही. ग्राहकाला शुक्रवारपर्यंत सुरक्षा-अहवाल द्यायचा आहे. तेव्हा दुरुस्ती जबरदस्तीने करवणारे ‘फोर्स’ लावावे, की ही लायब्ररीच बदलावी? अर्जात संकेतस्थळाच्या पत्त्याचा एक रकाना असून तो पत्ता पुढे सदस्याच्या पानावर दुवा म्हणून दिसतो, एवढे सांगून ठेवतो.

उत्तर १

तुम्ही जाता जाता लिहिलेले शेवटचे वाक्यच खरे महत्त्वाचे आहे. ही त्रुटी पत्ता वैध आहे का हे तपासणाऱ्या ‘इजयूआरएल’ या फंक्शनमध्ये आहे. प्रोटोकॉल ओळखण्यासाठी ते अपूर्णविरामापुढच्या दोन तिरक्या रेघांसह पूर्ण खूण शोधत असे; ब्राउझरला मात्र नुसता अपूर्णविराम पुरतो. त्यामुळे ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी ‘@’ आणि एखादे डोमेन जोडले, तर आधीचा भाग वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड आहे असे समजून फंक्शन तो पत्ता वैध ठरवते, आणि दुव्यावर टिचकी मारताच ब्राउझर तोच भाग कोड म्हणून चालवू पाहतो. तुमच्याकडे पत्ता दुवा होऊनच बाहेर पडत असल्याने ही सूचना केवळ कागदोपत्री नाही.

‘एनपीएम एलएस व्हॅलिडेटर’ चालवून पाहा. ते पॅकेज ‘एक्सप्रेस-व्हॅलिडेटर’च्या पोटात दिसेल. ७.२.१ मध्ये त्याची मर्यादा टिल्डे (~) लावून १३.१२.० अशी बांधलेली आहे, म्हणजे १३.१२ च्या मालिकेबाहेर एनपीएम जाऊच शकत नाही, आणि दुरुस्ती आली ती १३.१५.२० मध्ये. ‘फिक्स’ हात टेकते ते यामुळे. ‘एक्सप्रेस-व्हॅलिडेटर’ ७.३.१ वर न्या. ते आज शक्य नसेल, तर एनपीएम ८.३ पासून उपलब्ध असलेल्या ‘ओव्हरराइड्स’मध्ये (पोटातल्या पॅकेजची आवृत्ती आपण ठरवून देण्याची सोय) ‘व्हॅलिडेटर’ची नवी आवृत्ती लिहा, चाचण्या चालवा आणि बसवलेल्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइलही कमिट करा. ‘फोर्स’ मात्र लावू नका. ते मुख्य आवृत्तीही बदलून टाकते, आणि अहवालाच्या आदल्या दिवशी ते निस्तरणे कोणालाच नको असते.

उत्तर २

आवृत्ती वाढवताच आहात तर १३.१५.२० वर थांबू नका. मजकुराची लांबी तपासणाऱ्या ‘इजलेंथ’ या फंक्शनमधली सीव्हीई-२०२५-१२७५८ ही दुसरी त्रुटी १३.१५.२२ मध्ये बुजवली गेली. इमोजीचे रूप ठरवणारी काही अदृश्य युनिकोड चिन्हे ते फंक्शन लांबीतून वजा करत असे, त्यामुळे तशी हजारो चिन्हे कोंबलेला मजकूरही मर्यादेत बसल्यासारखा दिसे.

मराठी अर्ज असेल तर थोडे विषयांतर: ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपण चार अक्षरांत वाचतो, पण हे फंक्शन ते दहा मोजते. नावाच्या रकान्याला २० ची मर्यादा घालणाऱ्यांनी एकदा स्वतःचे पूर्ण नाव टाकून पाहावे.

उत्तर ३

लायब्ररी बदलून सुटका होईल असे वाटत नाही. ‘झॉड’ या तशाच तपासणी-लायब्ररीत ईमेल तपासणारे रेगेक्स (मजकुराचा नमुना जुळवणारे सूत्र) विशिष्ट मजकुरावर अडकून पडत असे, ते २०२३ मध्ये ३.२२.३ या आवृत्तीत दुरुस्त झाले. ‘एजेव्ही’ या आणखी एका लायब्ररीलाही प्रोटोटाइप पोल्यूशनसाठी (बाहेरच्या मजकुरातून जावास्क्रिप्टच्या मूळ ऑब्जेक्टमध्ये ढवळाढवळ होऊ देणारी त्रुटी) ६.१२.३ काढावी लागली होती. पत्त्याच्या रकान्यासाठी मी तर कोणत्याही लायब्ररीवर विसंबणार नाही: नोडमधल्या ‘यूआरएल’ क्लासने पत्ता उलगडावा आणि प्रोटोकॉल एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच तो स्वीकारावा.

प्रश्नकर्ता

७.३.१ वर गेलो आणि सूचना गेली, सर्वांचे आभार. जुन्या नोंदींवर ‘यूआरएल’ क्लास चालवून पाहिला तेव्हा ‘जावास्क्रिप्ट:’वाली एकही नोंद सापडली नाही, परंतु ११ सदस्यांनी प्रोटोकॉल न लिहिता नुसते डोमेन भरल्यामुळे तिथे तो क्लास एरर देतो. त्यांच्यापुढे एचटीटीपीएस जोडून तपासले तर चालेल का?

उत्तर ३

चालेल, मात्र जोडून उलगडलेला पत्ताच डेटाबेसमध्ये ठेवा. तपासणी जोडलेल्या पत्त्याची केली आणि साठवला सदस्याने भरलेला मूळ मजकूर, तर ‘जावास्क्रिप्ट:’चा तोच डाव पुन्हा साधेल, कारण पुढे एचटीटीपीएस लागल्यावर तो मजकूरही तपासणीत निर्दोष ठरतो. वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड असलेला पत्ता तर सरळ नाकारा. सदस्याच्या संकेतस्थळाला त्याची गरज नसते.