मदत हवी आहे: अपंगत्वविषयक कायदा आणि संस्थेचे धोरण, तक्रारींच्या चक्रातून बाहेर कसे पडावे?

नमस्कार.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका लहान संस्थेच्या कार्यकारिणीवर मी आहे. पुढील तीन वर्षांच्या कामाचा आराखडा करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली असून एका प्रश्नापाशी मी अडलो आहे. आपले काम आपण गरज पाहून ठरवतो, की कायद्याने जे दार उघडे ठेवले आहे त्याच दारातून वर्षानुवर्षे ये-जा करत राहतो?

प्रश्न पडण्याचे निमित्त सांगतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या आमच्या एका सभासद ताईंनी एका कार्यालयाविरुद्ध तक्रार केली होती, कारण तिथे दाराशी चार पायऱ्या होत्या. अकरा महिन्यांनी रॅम्प बांधला गेला, त्याचे छायाचित्र फाइलला जोडले गेले आणि ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा शेरा मारून प्रकरण निकाली निघाले. आम्ही जाऊन टेपने मोजले. एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हा सर्वसाधारण दंडक आहे. इथे दोन फूट उंचीला जेमतेम नऊ फूट लांबी निघाली. मागून दोघांनी रेटल्याशिवाय खुर्ची वर चढत नाही आणि खाली येताना ताईंना पाठमोरे उतरवावे लागते. शेजारच्या इमारतीच्या पायऱ्या तर आहेत तशाच आहेत, कारण तिच्याविरुद्ध कुणी तक्रारच केली नव्हती. आमच्या वार्षिक अहवालात मात्र हे प्रकरण यशाच्या रकान्यात गेले आहे, आणि तो रकाना भरणाऱ्यांत मीही होतो.

त्यानंतर निरनिराळ्या देशांचे कायदे वाचायला घेतले, तेव्हा असे दिसले की कायदा कोणता उपाय हाती देतो त्यावर संस्थेची चालच नव्हे, तर तिथे नेमली जाणारी माणसेही ठरतात. अमेरिकेतील १९९० चा कायदा दुकाने, हॉटेले यांसारख्या खासगी ठिकाणांविरुद्ध व्यक्तीला थेट न्यायालयात जाऊ देतो. परंतु अशा खासगी दाव्यात त्या कायद्याखाली नुकसानभरपाई नाही, दुरुस्तीचा आदेश आणि वकिलाची फी एवढेच मिळू शकते. साहजिकच तिथे वकील हाताशी असणे संस्थांना महत्त्वाचे झाले. पुढे २००१ मध्ये बकहॅनन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दाव्याच्या धाकाने प्रतिवादीने आपणहून सुधारणा केली, तरी न्यायालयाचा आदेश झालेला नसेल तर फी मागता येणार नाही. म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी समोरच्याने रॅम्प बांधला, की वर्षभराचा खर्च संस्थेच्याच अंगावर पडणार. अशा वेळी तोंडी समेटापेक्षा न्यायालयाच्या शिक्क्याचा तडजोडनामा मागण्यातच शहाणपण उरते.

भारतात चित्र वेगळे आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. हक्क प्रमाणपत्राला बांधला गेला, की संस्थेची निम्मी शक्ती प्रमाणपत्र मिळवून देण्यात आणि उरलेली आपला आजार यादीत बसवण्यात खर्ची पडते. शिवाय यादीत असलेले आणि नसलेले एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात ते वेगळेच. अपंग व्यक्तींसाठी नेमलेल्या आयुक्तांकडे तक्रार करणे स्वस्त आणि सोपे आहे, पण त्यांच्या हाती मुख्यतः शिफारस करण्याचा अधिकार आहे. सोपा मार्ग उपलब्ध असला की माणूस तोच धरतो, मग तो कुठेही जात असो.

जाणकारांना माझी विनंती अशी की तक्रार आणि पाठपुरावा या चक्रातून संस्थेने बाहेर पडावे का, आणि पडायचे तर रोज दाराशी येणाऱ्या माणसाला ‘आम्ही आता धोरणावर काम करतो’ असे कोणत्या तोंडाने सांगावे, हे अनुभवावरून कळवावे.

प्रतिसाद:

आपली चिंता रास्त आहे, पण मांडणी अर्धीच आहे असे मला वाटते. कायदा संस्थेला वळण लावतो हे खरे असले, तरी कायद्याचा कोणता भाग हाती धरायचा हे संस्थाच ठरवते. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील, केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत अपंगांशी भेदभावाला मनाई करणारे ५०४ क्रमांकाचे कलम अवघ्या एका वाक्याचे होते आणि त्याचे नियम चार वर्षे रखडले होते. चळवळीने तेव्हा नियमांवर सही व्हावी एवढी एकच मागणी धरून सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्र सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, आणि २८ एप्रिल १९७७ रोजी ती सही झाली. रॅम्पची उंची-लांबी नियमात लिहिली जाते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

भारतातही ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात २०१६ च्या कायद्याखालील सुगम्यतेविषयीचा, म्हणजे अडथळ्याविना वावरता येण्याविषयीचा, १५ वा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. त्या नियमाखालील निकष केवळ मार्गदर्शक स्वरूपाचे राहतात, कायद्याला मात्र सक्ती अभिप्रेत आहे, असे सांगून बंधनकारक निकष करण्याचा आदेश केंद्राला दिला गेला. आपल्या ताईंच्या रॅम्पचे दुखणे नेमके याच जागी आहे.

तक्रारी सोडू नका. तक्रारीतील मागणी बदला. ‘रॅम्प बांधून द्यावा’ असे लिहिले की कसलाही रॅम्प चालतो. चढाचे प्रमाण, दोन्ही बाजूंचे कठडे, प्रकरण बंद करण्यापूर्वी तक्रारदारासमक्ष पाहणी आणि संपूर्ण आवाराची तपासणी या गोष्टी मागणीतच लिहाव्यात. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात सेवा देणाऱ्याने अपंग ग्राहक दाराशी येण्याची वाट न पाहता आधीच सोय करून ठेवावी असे कर्तव्य आहे; तशी भाषा आपल्या मागणीत घालण्यास कुणाची आडकाठी नाही. आणि निकाली निघालेल्या फाइली रद्दीत टाकू नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्ती हक्क कराराच्या ३३ व्या कलमात देखरेखीच्या कामात अपंग व्यक्तींच्या संघटनांचा सहभाग सांगितला आहे, आणि करारात सामील झालेल्या देशाची तपासणी होते तेव्हा संघटनांना समांतर अहवाल देता येतो. ‘निवारण झाले’ असा शेरा आणि शेजारी टेपने घेतलेले माप, असे वीस कागद एकत्र ठेवले तर त्या अहवालाला वजन येईल.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. मागणीच्या मसुद्याकडे आम्ही इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते. वर्षानुवर्षे एकच छापील नमुना भरत आलो. जुन्या फाइली काढून पुन्हा मापे घेण्याचे काम याच महिन्यात सुरू करतो.

एक अडचण उरते. नव्याने तक्रार करण्याविषयी ताईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “करा, पण या वेळी माझे नाव नको.” अकरा महिने तारखांना जाऊन आणि ‘तुमच्या एकट्यासाठी एवढा खर्च?’ हे ऐकून त्या थकल्या आहेत. जर्मनीत २००२ च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनांना, त्यांचा स्वतःचा हक्क डावलला गेलेला नसतानाही, स्वतःच्या नावे दावा करण्याची मुभा दिली, असे वाचनात आले. जिथे अशी तरतूद नाही तिथे, कुणा एका व्यक्तीला पुढे न करता संस्थेच्या नावे तक्रार टिकवून दाखवलेल्यांनी तिचा मसुदा कसा केला होता, एवढे कृपया कळवावे.