एका वेळी एकच गोष्ट बदला

एकाने विचारलंय की प्रयोग-रचनेच्या स्पर्धेत साहित्य आयत्या वेळी मिळतं, मग तयारी कशाची करायची? इथे इंदूरला मी भाचीकडून दोरा, नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढ्यावरच सराव करून घेतो. दोऱ्याला नट टांगून लंबक करायचा आणि त्याच्या एका झोक्याला किती वेळ लागतो ते मोजायचं. बदलायची फक्त दोऱ्याची लांबी. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी लांबीबरोबर नटही बदलला. मग फरक कशामुळे पडला, सांगा आता! एकच झोका मोजू नका. जाऊन-येऊन एक, अशा १० झोक्यांचा वेळ मोजून १० ने भागा, म्हणजे बटण दाबण्यातली चूक विभागली जाते. लांबी नटाच्या मध्यापर्यंत धरायची, गाठीपर्यंत नव्हे. १ मीटरला साधारण २ सेकंद, २५ सेंटिमीटरला १ येतो. विचित्र आकडा आला तर खोडू नका, शेजारी ‘पंखा चालू होता’ असं लिहा. (आमच्याकडे होताच.)