उकळलं म्हणजे निर्धोक झालं, असं नाही

वाळवलेल्या औषधी मुळ्यांचा काढा उकळूनच घेतात, मग जंतूंची भीती कशाला, असं वाटू शकतं. हे अर्धंच खरं आहे. उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात, पण बॅसिलस सिरियससारख्यांचे बीजाणू (जिवाणूंचं टणक कवचातलं सुप्त रूप) १०० अंश सेल्सिअसलाही तग धरू शकतात. सकाळचा काढा रात्रीपर्यंत ओट्यावर कोमट पडून राहिला की तेच बीजाणू रुजतात आणि वाढतात. म्हणून लागेल तेवढाच करा, उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये.

बुरशीचं प्रकरण मला जास्त काळजीचं वाटतं. नीट न वाळलेली मुळी मोडून बघा: बाहेरून स्वच्छ, आत मात्र हिरवट करडी भुकटी आणि कुबट वास. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, ते यकृताला घातक आणि कर्करोगकारक आहे. बुरशी उकळून मरेल, पण हे विष उकळत्या पाण्यात नष्ट होत नाही. अशी मुळी पुसून, उन्हात टाकून वापरू नका. फेकूनच द्या.

आणि चूर्ण? ते तर न उकळताच पोटात जातं! डब्यात ओला चमचा घालू नका, कृपया.