खाली गाडी, रिकामी गाडी की मोकळी गाडी?

सोलापुरी_अनुवादक: स्वयंचलित मालवाहतुकीवरचा मजकूर मराठीत करतोय. हॉलंडमध्ये 1990च्या दशकात एका योजनेचा अभ्यास झाला होता: आल्समीरच्या फुलबाजारातून स्किफोल विमानतळापर्यंत जमिनीखालून, विनाचालक गाड्यांनी माल न्यायचा. माल एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. मग उतरवून झालेल्या गाड्या कुठे, कधी पाठवायच्या? मी ‘खाली गाड्या’ लिहिलं. संपादकांनी ते ‘भुयारातल्या गाड्या’ असं करून टाकलं! काय लिहावं?

शब्दनिष्ठ: ‘रिक्त वाहने’. मराठीत खाली म्हणजे तळाशी. दुसरा ‘खाली’ अरबी, त्याची गरज नाही.

बुकिंगवाला: रिक्त पद असतं ओ, ट्रक नाही. अक्कलकोट रोडला चादरी-टॉवेल भरणाऱ्या कुणालाही विचारा, ‘गाडी खाली झाली का?’ असंच म्हणतात. खाली झाली की परतीचं भाडं शोधायचं, नाहीतर डिझेल अंगावर.

फडकरी: आमच्या पंढरपूर भागात मोकळी. कारखान्यावर ऊस उतरला की मोकळी ट्रॉली कुठल्या फडात आधी जाणार यावरून चिटबॉयशी (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) भांडणं होतात. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन घटतं, साखरही. तुमच्या हॉलंडच्या फुलांचं तेच की!

सोलापुरी_अनुवादक: हो, तेच. पण ‘मोकळी’ने वेगळीच अडचण होते. दुसऱ्या टोकाचा माल आणायला निघालेल्या गाडीत काही नसतं, तरी ती कामाला लागलेली असते. म्हणजे रिकामी, पण मोकळी नाही. उभी आहे, काम नेमलेलं नाही, ती मोकळी. मागणी येण्याआधीच पुढे पाठवून ठेवता येते ती हीच. दोघींना एकच शब्द दिला तर सगळं गणित बिघडेल.

शब्दनिष्ठ: मग ‘रिक्त’ आणि ‘अनियुक्त’.

बुकिंगवाला: असं लिहिलंत तर एकही ड्रायव्हर वाचणार नाही.

शब्दनिष्ठ: गाड्या विनाचालक आहेत.

पूर्वभागातली: आमच्या घरी तेलुगू. आजी ‘खाळी’ म्हणायची, शेजारच्या कन्नड काकू ‘खाली’. तिन्ही भाषांत चालणारा शब्द सोलापूरकरांनी का सोडावा? मला तर वाटतं दोन्ही ‘खाली’ मुळात एकच. खड्डा खालीही असतो आणि रिकामाही.

शब्दनिष्ठ: नाही ताई. तळाशी या अर्थाचा ‘खाल’पासून, ‘खालचा’, ‘खालून’ त्यातलेच. रिकाम्याचा अरबी. फक्त उच्चार जुळला.

पूर्वभागातली: मग तेलुगूत ळ कुठून आला ते सांगा.