विनयभंग – यात मोडतं कोणाचं काय?

मूळ प्रश्न

काल पेपरात बातमी होती, 'बसथांब्यावर तरुणीचा विनयभंग'. माझी नववीतली लेक म्हणाली, "आई, विनय म्हणजे नम्रता ना? मग त्या मुलीची नम्रता मोडली म्हणजे नक्की काय झालं?" मला सांगता येईना. गुन्हा त्या माणसाचा, आणि मोडतो मात्र तिचा विनय. हा शब्द आला कुठून? याला दुसरा शब्द नाही का?

प्रतिसाद १

कायद्यातून आला. १८६०च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३५४मध्ये 'मॉडेस्टी' (शालीनता) हा इंग्रजी शब्द होता, त्याचा मराठी कायद्यात 'विनय' झाला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७४ झालं. कलमाचा आकडा बदलला, शब्द तोच राहिला.

या शब्दाने कोर्टालाही पेचात टाकलं होतं. पंजाबात साडेसात महिन्यांच्या बाळावर अत्याचार झाला. उच्च न्यायालयात बहुमत असं पडलं की एवढ्या तान्ह्या जिवाला विनयाची जाणीवच नाही, म्हणून हे कलम लागत नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बहुमताने फिरवला. स्त्रीच्या विनयाचं सार तिच्या स्त्री असण्यातच आहे, मग वय काहीही असो, असं म्हटलं. निकाल योग्यच. पण त्या माणसाने काय केलं हे समोर असताना बाळाला विनय असतो का यावर खल करावा लागला, तो या शब्दापायी.

प्रतिसाद २

'अब्रू'ही त्यातलाच. फारसी आब म्हणजे पाणी, तेज आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं तेज. 'तिची अब्रू लुटली' म्हटलं की लुटणारा मोकळा आणि निस्तेज ती.

याउलट 'बलात्कार' शब्द बघा. बलात् ही संस्कृतातली पंचमी, म्हणजे बळाने. बलात्कार म्हणजे बळाने केलेली गोष्ट. यात तिच्या चारित्र्याचा संबंधच नाही. तरी कोर्टात तो आणला गेलाच. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला आठवा. सत्र न्यायालयाने तिच्या आधीच्या संबंधांवर बोट ठेवलं, सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत याला वजन दिलं, आणि पोलीस सुटले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या प्रकरणात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं बाईने सांगितलं, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं.

प्रतिसाद ३

मी समुपदेशन केंद्रात काम करते. आमच्याकडे 'कौटुंबिक हिंसाचार' हा शब्द घेऊन कुणी येत नाही. बाया म्हणतात, 'त्रास आहे', 'जाच आहे', 'कधीमधी हात उचलतो, पण तसा वाईट नाही'. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली घटनेचा जो अहवाल भरतात, त्यातलं एकेक मी वाचून दाखवते. पगार काढून घेणं. हुंड्यावरून टोमणे मारणं. मुलगा झाला नाही म्हणून बोलणं. अशा वेळी समोरची बाई मध्येच थांबवते, "ताई, हेपण लिहायचं असतं?" वीस वर्षं सोसलेल्या गोष्टीला शब्द आहे आणि तो कायद्यात छापलेला आहे, हे तिला त्या खुर्चीत बसून कळतं. म्हणून मला ही चर्चा शब्दांचा कीस वाटत नाही.

जाता जाता 'छेडछाड'बद्दल. तार छेडतात, सूर छेडतात. मुलीचा पाठलाग करणाऱ्याला हा शब्द कशाला द्यायचा? कोर्टात स्त्रियांबद्दल कोणते शब्द टाळावेत हे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या पुस्तिकेतही 'ईव्ह टीझिंग' (छेडछाडीचा इंग्रजी शब्द) टाळून रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणावं असं सुचवलं आहे.

प्रतिसाद ४

बातमीत 'लैंगिक छळ' चालेल. पण आमच्याकडच्या बायका पूर्वीपासून सरळ म्हणतात, 'त्यानं अंगाला हात लावला'. यात 'त्यानं' आहे. फिर्याद लिहून घेतानाही हेच तिच्या शब्दांत लिहावं; कलमाचं नाव शेजारी येऊ द्या.

मूळ प्रश्नकर्ती

सगळं लेकीला वाचून दाखवलं. तिने कालचा पेपर काढला आणि मथळ्याखाली पेनाने लिहिलं, 'बसथांब्यावर माणसाने मुलीच्या अंगाला हात लावला'. मग विचारलं, "तो कोण होता, हे बातमीत कुठेच का नाही?"