परदेशात बसून गावाकडच्या बातम्या: तुमचे अनुभव लिहा

कुंभारगल्लीकर (श्टुटगार्ट)
सकाळी फोन उघडला तर भावाचा मेसेज. 'राजाराम बंधारा 37 फूट, काळजी करू नको.' काळजी करू नको म्हटलं की काळजी चालूच. तिथं पंचगंगा 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे आकडे आपल्याला पाढ्यासारखे पाठ. लगेच 2019 चा ऑगस्ट आठवला. शिरोलीला हायवेवर पाणी, पुण्याकडून येणारं सगळं बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. आणि मी इकडं मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून बसलेलो. आईला विचारलं पाणी कुठवर आलंय, तर म्हणते, "गल्लीच्या तोंडाला हाय अजून, तू जेवलास का?" इथल्या टीव्हीवर त्या दिवशी एक ओळ सरकत गेली, तीपण भलत्याच राज्याच्या नावानं.

आता परिस्थिती अशी आहे की राधानगरी धरणाचा दरवाजा उघडलेला आमच्या घरच्यांच्या आधी मला कळतो. पण तोंड उघडलं की 'तू तिकडं बसून शिकवू नको'. तुमच्याकडं काय चालतं? लिहा, लई मोठं नसलं तरी चालेल.

शिवाजीपेठ_दुबई
भावा सेम! राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, पयला उघडला की आमचा ग्रुप पेटतो. त्यात निम्मे अलमट्टीतज्ज्ञ, म्हणजे कर्नाटकातल्या त्या धरणामुळं आपल्याकडं पाणी तुंबतं का ह्यावर बोलणारे. उंची 519 वरनं 524 मीटर केली तर काय होणार, ह्यावर परवा एक अबुधाबीत आणि एक मस्कतमध्ये बसून रात्री एकपर्यंत भांडले. 2020 ला सरकारच्या वडनेरे समितीनं 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, एवढं मी नुसतं टाकलं तर मलाच कर्नाटकचा माणूस म्हणाले. ड्युटीवर आहे, नंतर लिहितो.

रंकाळा_टू_सॅनहोजे
मी निवडणूकवाली. 2024 च्या लोकसभेची मोजणी तिकडं 4 जूनला सकाळी आठला, म्हणजे इकडं 3 तारखेची संध्याकाळ साडेसात. पोरांचं जेवण, भांडी, आणि ओट्यावर टेकवलेल्या फोनवर फेऱ्या. कोल्हापुरातनं उभे असलेले शाहू महाराज दीड लाखाच्या वर मतांनी आले, पण तेवढं कळेपर्यंत इथं मध्यरात्र उलटून गेली. नवरा नागपूरचा, त्याला काय सोयरसुतक नाही, तो घोरत पडलेला. एकटीनं आनंद करायचा म्हणजे काय करायचं सांगा. फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा काढला.

बावडा_बर्मिंगहॅम
@रंकाळा आपल्याला मतदान करता येतं का पण?

रंकाळा_टू_सॅनहोजे
भारतीय पासपोर्ट असेल तर येतं. फॉर्म 6-ए भरायचा, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं. पण पोस्टानं नाही, ऑनलाइन नाही. पासपोर्ट घेऊन स्वतः बूथवर जायचं. परदेशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर विषय संपला, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असलं तरी.

बावडा_बर्मिंगहॅम
म्हणजे विमानाचं तिकीट काढून बोटाला शाई लावून यायचं. पोरगं म्हणेल बाबा येडा झालाय.

मंगळवारपेठ_घरचाच
मी कुठं परदेशात नाही, कोल्हापुरातच आहे. तुम्ही लोक ग्रुपवर 'शिवाजी पुलाची काय परिस्थिती' म्हणून बोंबलता तेव्हा आम्ही पुलावरच असतोय, पाणी बघत. कणीस खात. एवढं टेन्शन आमच्यात कुणाला नसतं 😄

कुंभारगल्लीकर (श्टुटगार्ट)
तुमचं मंगळवार पेठेत काय भिजतंय हो? कुंभार गल्लीत या.

मंगळवारपेठ_घरचाच
ते पण खरंय दादा. सॉरी.

टाकाळा_मेलबर्न
8 ऑगस्ट 2024. केशवराव भोसले नाट्यगृह. तिकडं रात्र होती, इकडं उत्तररात्र. पोरीला ताप होता म्हणून जागी होते आणि व्हिडिओ आला. छपरातनं ज्वाळा. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाळेच्या गॅदरिंगला त्या स्टेजवर मी झाड झाले होते, हातात दोन फांद्या धरून अख्खा प्रवेश हलायचं नाही. इथं कुणाला सांगणार? सकाळी ऑफिसात म्हटलं, गावाकडचं थिएटर जळालं. बाई म्हणाली, इन्शुरन्स असेल ना.

राजारामपुरी_७वीगल्ली
🙏 काय बोलायचं.

जयसिंगपूर_टोरंटो
आमचे बाबा अजून पेपराचा फोटो काढून पाठवतात. लिंक पाठवा म्हटलं तर ऐकत नाहीत. ऊसदराची बातमी, कडेला चहाच्या कपाचा गोल डाग, आणि नेमका आकडा अंगठ्याखाली. मग फोन करून विचारायचं, अंगठ्याखाली काय आहे. की तासभर एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर), साखरेचा भाव, कुठल्या कारखान्यानं किती थकवलं. ऊस परिषदेला गावातनं ट्रॉल्या किती गेल्या ते पण. मी सॉफ्टवेअरवाला, पण एफआरपीवर कुणाशीपण वाद घालू शकतो.

मला तर वाटतं ते मुद्दामच अंगठा ठेवतात.

शिरोळ_सिंगापूर
नांदणीच्या माधुरी हत्तिणीचं घ्या. 2025 च्या जुलैअखेर तिला मठातनं गुजरातला अंबानींच्या वनतारा प्राणी केंद्रात नेली आणि अख्ख्या तालुक्यानं रागानं अंबानींच्याच जिओची सिमकार्डं दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायला घेतली. आमच्या पप्पांनी घरातली सगळी केली, त्यात माझं पण. भावना बरोबर आहे, मी पण रडलोय ते व्हिडिओ बघून. पण माझ्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतोय! पोर्ट होताना नंबर बंद, इकडं हप्ता भरायचा. पप्पा म्हणतात, हत्तीण गेली आन् तुला हप्त्याचं पडलंय.

शिवाजीपेठ_दुबई
पप्पा 🔥🔥 नाद खुळा

उजळाईवाडी_बोलोन्या
प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या त्या वेळी मी इटलीतच होते. ऑफिसातल्या पोरीनं मिलानच्या शोचा फोटो दाखवला, 'बघ नवीन सँडल'. मी म्हटलं थांब. दुसऱ्या दिवशी घरातला माझा जुना कोल्हापुरीचा जोड घालून गेले, कर्र कर्र वाजवत अख्खा कॉरिडॉर. 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, कोल्हापूर-सांगलीपासून बेळगाव-धारवाडपर्यंत कारागीर आहेत, सगळं सांगितलं. तिनं विचारलं कितीला? चप्पल लाईनमधली किंमत सांगितली तर तिला खोटं वाटलं. आता तिघींच्या ऑर्डरी आहेत. सप्टेंबरात कोण येतंय का इकडं?

बावडा_बर्मिंगहॅम
चपला राहूदे, चटणी कोण आणतंय का ते सांगा. घरची, डंकावरची. इथल्या इंडियन दुकानातली नको.

राजारामपुरी_७वीगल्ली
मी पुढच्या महिन्यात मँचेस्टरला लेकीकडं निघालोय. दोन किलोची जागा आहे. घरातनं कुणीतरी आणून द्या.

बावडा_बर्मिंगहॅम
काका देवमाणूस! आईला लगेच सांगतो. मेसेज करतो तुम्हाला.

राजारामपुरी_७वीगल्ली
तीन पिशव्या घालून बांधायला सांग आईंना. मागच्या खेपेला कुणाच्यातरी चटणीचं तेल सुटून हिच्या साड्या गेल्या, अजून ऐकून घेतोय.